एका फळीवर चार मुहूर्त

३ मार्च, सोमवार

आज सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. तो घटनेच्या कुठल्या कलमाखाली येतो ते मला माहीत नाही, पण यायला हवा. सदतीस वेळा नंबर फिरवल्यावर रेडिओचा फोन लागला, तर माझ्या आधीच्या माणसाने चार मिनिटं नुसते नमस्कार केले. निवेदक सेलासीला केला, सेलासीच्या आईला केला, टोग्बेंना केला (ते गावचे राजे, तिथवर ठीक), मग राणीमातेला, मग परदेशातून ऐकणाऱ्या एका चुलतभावाला, ज्याचं नाव त्याला ऐनवेळी आठवेना. मग माझी पाळी. "वोकूटाहून दोत्से बोलतोय. जनतेचा पैसा..." एवढं म्हणालो आणि सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात लागली.

जनतेच्या पैशाचं काय झालं ते जनतेला कळलं नाही. मलम कुठे मिळतं ते कळलं.

लोक म्हणतात, रोज सकाळी रेडिओला फोन करणं हा या देशाला जडलेला रोग आहे. मला तो सहा वर्षांपासून आहे. बाकीच्या बोलक्यांना पक्षवाले रिचार्ज मारून देतात, आणि कोणाला शिव्या घालायच्या तेही सांगतात. मी आजवर कोणाचा एक रुपयासुद्धा... म्हणजे आमच्याकडचा एक सेडीसुद्धा घेतलेला नाही. माझं तोंड माझ्या पैशाने चालतं. (रुपया हा शब्द मला शेजारच्या भारतीय कापडवाल्यामुळे लागला. मराठी लिहायचंही वेड त्याचंच. बायकोला वाचता येऊ नये म्हणून या वहीला ही भाषा उत्तम.)

५ मार्च, बुधवार

काम आलं. मी पाट्या रंगवतो. केशकर्तनालय, शवपेट्या, चर्च, कोंबडीचं खाद्य, जे लिहायचं असेल ते. जिल्हा परिषदेच्या पाट्याही गेली बारा वर्षं माझ्याच हातच्या. परिषदेवर सकाळी टीका करायची आणि दुपारी तिच्याच पाट्या रंगवायच्या, यात मला काही वावगं वाटत नाही. न्हावी जावयाची दाढी करतोच की.

नियोजन अधिकारी आमेतेफे स्वतः दुकानात आले. "दोत्सेदादा, प्रसूतीगृहाची पाटी. वीस तारखेला जिल्हाप्रमुख पहिली कुदळ मारणार."

"पहिली?"

"पहिली."

"साहेब, दवाखान्यामागच्या त्या जागेवर इतक्या वेळा पहिली कुदळ मारलीय की जमीन आता कुदळ बघून आपणच सरकते."

ते हसले नाहीत. मजकूर हातात दिला. मी वाचला. 'कालावधी: बारा महिने.' ही ओळ मी न बघता लिहू शकतो.

संध्याकाळी मावुसीताई आल्या. दवाखान्यातल्या सुईण, एकवीस वर्षं इथे आहेत. तिथे बाळंतपण होतं ते मलमपट्टीच्या खोलीत, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे बाई कण्हत असते आणि पलीकडे बाकावर पाय कापलेला माणूस विचारतो, मुलगा की मुलगी.

"पहिली कुदळ लिहायला सांगितलंय का रे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग या वेळीही हातचं गेलं." त्या स्टुलावर बसल्या. "परिषदेचाच ठराव आहे, चौदा नंबरचा. अपुरं काम असेल तर सगळ्यात आधी त्याला पैसा. नवं काम रांगेत शेवटी. हे अपुरं म्हणून धरलं तर या वर्षी भिंती उभ्या राहतात. पहिलं म्हणून धरलं तर माझ्यानंतरच्या सुईणीच्याही निवृत्तीला ती फक्त पाटीच राहील."

मी म्हणालो, "काळजी करू नका. मी रेडिओवर बोलतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुकानेच असणार.

८ मार्च, शनिवार

फोन लागला! पूर्ण दोन मिनिटं मिळाली. मी म्हणालो की त्या जागेवर तीन जिल्हाप्रमुखांनी तीन वेळा कुदळ मारली, आता तिथे रताळी लावा, खणण्याचा खर्च झालेलाच आहे. सेलासी इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

मग त्याने आमेतेफेंना फोन लावला. आमेतेफे म्हणाले, "आमच्या दप्तरी आधीच्या कुठल्याही कार्यक्रमाची नोंद नाही. जुन्या फायली कार्यालय हलवताना गहाळ झाल्या. दोत्सेदादांकडे पुरावा असेल तर त्यांनी आणावा. नसेल तर सकाळी पेज प्यावी, दुसरं काही पिऊ नये."

दिवसभर बाजारात लोक मला विचारत होते, पेज झाली का.

गावातल्या प्रत्येकाला त्या तिन्ही कुदळी आठवतात. तिन्ही वेळा फुकट सरबत मिळालं होतं. पण आठवण कागदावर नसते, आणि सरबत पिणाऱ्याची साक्ष कोणी धरत नाही.

११ मार्च, मंगळवार

पुरावा सापडला. माझ्याच दुकानात, माझ्याच हाताखाली!

नव्या पाटीसाठी फळी घासायला घेतली. ओडुमचं लाकूड, वाळवीला पिढ्या लागतील. कोपऱ्यावरचा पांढरा रंग उडाला, खाली निळा. निळ्याखाली हिरवा. पांढऱ्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख, निळ्यावर सात वर्षांपूर्वीची, हिरव्यावर अकरा. तिन्हींवर 'प्रसूतीगृह, वोकूटा', तिन्हींवर 'कालावधी: बारा महिने', आणि अक्षर माझं. हिरव्यातलं अक्षर जरा कोवळं आहे, पण झाक दिसते.

दरवेळी पाटी पडली की बकऱ्या तिला अंग घासायच्या, आणि मी ती उचलून आणायचो. चांगलं लाकूड आहे म्हणून. या काटकसरीने आज इतिहास वाचवला.

धावत घरी गेलो. बायको, एन्योनाम, मक्याच्या पिठाचं आक्पले घोटत होती. सगळं सांगितलं. तिने पळी थांबवली.

"म्हणजे फळी एकच आहे होय?"

"एकच! तीच तर गंमत आहे."

"तिन्ही वेळा एकच."

"अगं हो."

ती परत घोटायला लागली. जेवताना म्हणाली, "त्या निळ्या पाटीच्या वेळी तू माझ्यासाठी शिलाई मशीन आणलं होतंस." कुठला विषय कुठे. बायकांना पुराव्याचं महत्त्व पटवणं कठीण.

१२ मार्च, बुधवार

काल रात्री लिहिलेलं वाचलं. मग जुन्या बिलांची चोपडी काढली.

परिषदेला मी तीन बिलं दिली होती. तिन्हींवर लिहिलं होतं, 'पाटी, नव्या फळीसह.'

१४ मार्च, शुक्रवार

मी माझी बाजू मांडतो. फळी चांगली होती. टाकून द्यायची का? बाजारात कोणीही तिला नवी म्हणालं असतं. परिषदेने कधी विचारलं नाही. दुसऱ्या पाटीची फळी एकशेऐंशी सेडी, तिसरीची दोनशेवीस. जिल्हाप्रमुखांच्या गाडीचं एक टायर याहून महाग आहे.

हे सगळं लिहून बघितलं आणि लक्षात आलं की हीच वाक्यं मी रेडिओवर ऐकली आहेत. बोलणारे मोठे होते, एवढाच फरक. आणि मी त्यांना सोडलं नव्हतं.

दोन दिवस फोन केला नाही. आज सेलासीने चालू कार्यक्रमात विचारलं, "आपले वोकूटाचे दोत्सेदादा कुठे आहेत? तब्येत बरी आहे ना?" मी रेडिओचा आवाज बारीक केला. एन्योनामने येऊन तो परत मोठा केला आणि ती चर्चच्या गाण्याच्या सरावाला गेली. मावुसीताईंबरोबर. ईस्टर जवळ आला की या दोघींचा सराव फार वाढतो.

१५ मार्च, शनिवार

आमेतेफे आले. बसले. मी फळी पोत्याखाली सरकवली, पण त्यांनी पाहिली असावी. आवाज मधाळ.

"दोत्सेदादा, तुम्ही वीस तारखेला शांत राहाल ना?"

"मी तर कायमच शांत असतो, साहेब. फोन बोलतो."

त्यांनी पिशवीतून एक पिवळी फाईल काढली. आत माझी तिन्ही बिलं. माझी सही, माझा शिक्का, त्यावरचं ब्रशचं चित्र. "नवी फळी. नवी फळी. नवी फळी," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "लोकांना कळलं तर काय म्हणतील? इतरांचा हिशेब मागणारा माणूस."

ते गेल्यावर मी स्टुलावर बसून राहिलो. एन्योनाम मागच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

मी म्हणालो, "संपलं. आता तोंड बंद."

ती म्हणाली, "तुझं डोकं थिनरने खाल्लंय का?"

"काय झालं?"

"फायली गहाळ झाल्या होत्या ना त्यांच्या?"

मी मान वर केली.

"बिलांवर तारखा असतात," ती म्हणाली. "तुला चोर म्हणायचं तर त्यांना तारखा वाचाव्या लागतील." आणि मशीनवर बसून कोणाचा तरी झगा शिवायला लागली.

१७ मार्च, सोमवार

ठरत नाही. ठरवून टाकावं तर पुन्हा मोडतं.

गप्प राहिलो तर माझं नाव राहतं, परिषदेचं काम राहतं, आणि मावुसीताईंचा पडदाही राहतो. बोललो तर सहा वर्षांची कमाई एका सकाळी जाते. कमाई कसली, तर लोक वाट बघतात ती. माणसाला तेवढंच असतं कधी कधी.

दुपारी दवाखान्यावरून गेलो. खिडकीतून आवाज आला. पडदा हलत होता. बाकावर एक म्हातारा आपल्या बँडेजची पाळी येण्याची वाट बघत होता आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून दुसरीकडे तोंड करून मोठमोठ्याने खाकरत होता. त्याच्या परीने तो सभ्यपणा करत होता. गावाकडे सभ्यपणाच आहे, भिंत नाही.

फळी पोत्याखालून काढली.

१९ मार्च, बुधवार

तीन दिवस दुकानाचं दार लावून काम केलं. वर आजची पाटी लिहिली, जशी सांगितली तशी, लाल. मग तिच्या खाली एक वीत पांढरा थर उघडा केला, त्याखाली एक वीत निळा, त्याखाली हिरवा. थिनर, पट्टी, आणि फुंकर. प्रत्येक थराची तारीख शाबूत राहिली पाहिजे, पण खालचीला धक्का नको. जिन्याच्या पायऱ्यांसारखं दिसतंय. चार पायऱ्या, आणि जिना कुठेच जात नाही.

बत्तीस वर्षं पाट्या रंगवतोय. यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. कापड घातलं आणि दोरी बांधली. आमच्याकडे पाहुणाच दोरी ओढतो.

२० मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहितो.

मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सरबत. टोग्बे छत्रीखाली बसलेले. टोग्बेंशी कोणी थेट बोलत नाही. त्यांच्या वतीने म्हातारे अकोली बोलतात, सोनेरी मुठीची काठी हातात घेऊन. ऐकतात ते, आणि साफसूफ करून पुढे पोचवतात.

जिल्हाप्रमुखांनी भाषण केलं. "या गावाच्या इतिहासात प्रथमच." मग दोरी ओढली.

कापड पडलं. आधी मुलांनी वाचलं, मोठ्याने, शाळेत वाचतात तसं. चार तारखा. मग मोठी माणसं मनात वाचायला लागली. मागे एक बाई म्हणाली, "हिरव्याच्या वेळी माझा योव्हो पोटात होता." योव्हो तिच्या शेजारीच उभा होता, तिच्या खांद्याएवढा.

आमेतेफे उठले. हातात पिवळी फाईल. "टोग्बेंना सांगा, ही पाटी रंगवणारा माणूस चोर आहे. त्याने प्रत्येक वेळी नव्या फळीचे पैसे घेतले. ही त्याची बिलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी अकोलींसमोर जाऊन उभा राहिलो.

"टोग्बेंना सांगा, साहेब खरं बोलतायत. पहिल्या वेळी फळी नवी होती. पुढच्या दोन्ही वेळी मी नव्या फळीचे पैसे घेतले आणि जुनी वापरली. आणि साहेबांना विनंती आहे की बिलं वाचून दाखवावीत. तारखांसकट."

आमेतेफेंनी फाईल बंद केली.

जिल्हाप्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं. "या फायली गहाळ होत्या ना?" हे ते हळू म्हणाले, पण माईक त्यांच्या हातातच होता.

अकोली टोग्बेंकडे वळले. मी चोर आहे हे पुढे पोचवायचं होतं त्यांना. ते काठी टेकवून म्हणाले, "टोग्बे, तुमचा मुलगा दोत्से म्हणतो, त्याच्या हातांना रंग लागलेला आहे. तो म्हणतो, सगळ्यांनी आपापले हात दाखवावेत."

मी असं म्हणालोच नव्हतो. पण म्हणायला हवं होतं.

टोग्बे अकोलींच्या कानाशी वाकले. मग अकोलींच्या तोंडून उत्तर आलं. "या जमिनीने तीन घाव सोसले. चौथा मी पडू देणार नाही. कुदळ झाकून ठेवा. आधी सुरू केलेलं आहे ते पुरं करा." मग थोडं थांबून, "आणि दोत्सेचं काय ते दोत्सेने बघावं."

मावुसीताई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, एप्रनमध्येच. त्यांनी पाटी वरून खाली वाचली, मग खालून वर. मला म्हणाल्या, "हिरवं अक्षर चांगलं होतं तुझं." आणि दवाखान्यात गेल्या, पेशंट होता.

घरी येताना एन्योनामने भर रस्त्यात माझा हात धरला. तेवीस वर्षांच्या संसारात हे बाजारासमोर पहिल्यांदा.

२२ मार्च, शनिवार

रेडिओवर माझं नवीन नाव पडलंय, 'दोनफळ्या'. पहिले चार फोन तेच. एक जण म्हणाला, दोनफळ्यांनी आमच्या शाळेची पाटी रंगवली होती, खाली कोणाची पाटी निघते ते बघायला आम्ही खरवडतोय. सेलासी हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

पाचव्या फोनवर एक म्हातारी होती, नदीपलीकडची. म्हणाली, "त्याने भर सभेत मान्य केलं. बाकीच्यांनी कधी करायचं ठरवलंय?" आणि फोन ठेवला. नमस्कारसुद्धा केला नाही कोणाला.

हे वाक्य इथे उतरवून ठेवतोय.

९ एप्रिल, बुधवार

परिषदेची बैठक झाली. काम अपुरं म्हणून धरलं, पहिला निधी वोकूटाला. सत्तावीसपैकी तेवीस सदस्यांनी हात वर केले. मला मागच्या बाकावरून बोलायला दोन मिनिटं मिळाली, आणि माझ्या भाषणाचा परिणाम काही औरच झाला. चौदा नंबरचा ठराव सदस्यांना शब्दशः पाठ झालेला दिसला. नदीपलीकडचे दोघे तर मी तोंड उघडायच्या आतच मान डोलावत होते. विचार पोचला की असं होतं.

एन्योनामला सांगितलं. ती अंगणात चपला धूत होती. नदीपलीकडची तांबडी माती, जाता जात नाही. म्हणाली, "छान बोलला असशील."

ईस्टर अजून अकरा दिवसांवर आहे, पण गाण्याचा सराव संपला म्हणे.

२७ मे, मंगळवार

भिंत खिडकीच्या उंचीला आली. मावुसीताई रोज दुपारी येऊन कुठे पलंग, कुठे पाण्याचा नळ, ते गवंड्याला दाखवतात. गवंडी म्हणतो, ताई, नकाशा आहे. ताई म्हणतात, नकाशाने कधी बाळंतपण केलंय का?

गाव येता जाता थांबून बघतं. वीट मोजल्यासारखं बघतात आणि पुढे जातात. मीही थांबतो. या गावात जन्मलो याचा मला आज जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वातंत्र्यदिनाच्या संचलनातही वाटलेला नाही.

नवी पाटी पलीकडच्या गावच्या रंगाऱ्याला दिली. अक्षरं अशी की उतारावरून निघालेल्या बकऱ्या. सहन करतोय.

६ जून, शुक्रवार

आज परिषदेत गेलो. फोन बंद करून.

एन्योनाम म्हणाली होती, तेव्हाचा भाव लावायचा असेल तर जाऊच नकोस. ओडुमची फळी आज साडेतीनशेला आहे. दोन फळ्यांचे सातशे.

पैसे भरायच्या खिडकीत एक तरुण बाई होती. पावतीपुस्तक कपाटात होतं. ती टेबलाला दोन्ही हात टेकून उठायला लागली. सातवा महिना असावा, आठवासुद्धा.

"बसा," मी म्हणालो. "मला घाई नाही. कुठे आहे ते सांगा, मी काढतो."

पुस्तक काढून दिलं. तिने नाव विचारलं, सांगितलं. तिने मान वर केली.

"रेडिओवाले?"

"हो."

"कशाबद्दल भरताय?"

"दोन फळ्या."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. जमेच्या कोणत्या सदरात घालायचं ते तिला सापडेना. शेजारच्या टेबलाला विचारलं, तिथेही माहीत नव्हतं. घेतलेले पैसे परत आणून भरणारा माणूस त्यांच्याकडे कधी आला नव्हता, म्हणून सदरच नव्हतं. शेवटी तिने 'संकीर्ण' असं लिहिलं आणि पावती माझ्यासमोर सरकवली.

"बरोबर आहे का, दादा?"

मी वाचली. बरोबर आहे म्हणालो.